दोन बिड्यांचं ऊन

मंगळवार, ५ ऑक्टोबर १९७६

ही वही डाक्टरनं दिली. कुठल्या तरी औषध कंपनीची डायरी हाय, पानापानावर तारीख छापलेली, त्यामुळं तारीख चुकायची भानगड न्हाय. रोज उन्हात किती वेळ बसले ते हिच्यात लिहायचं आन् पुढच्या खेपेला दाखवायचं. मी दुसरी पास. लिहायला येतंय म्हटल्यावर तो खूश झाला. त्याला दाखवायचं ते मी मागच्या पानावर लिहिणार. पुढली पानं माझी. घरात माझं बोलणं कुणी धड ऐकून घेत न्हाय, वही तरी मधे तोंड घालणार न्हाय.

डाक्टर हलगेकर म्हणून हाय. बेळगावात खडेबाजारात एका सोनाराच्या वरच्या माडीवर बसतोय. पोरसवदा, मिशी बी धड न्हाय. आठ वर्षं माझ्या कोपरावर, गुडघ्यावर, पाठीवर लाल चट्टे आन् त्यावर चांदीच्या वर्खासारख्या खपल्या. झटकलं की भुसा पडल्यासारखं पडतं. निपाणीच्या तीन वैद्यांची मलमं झाली. ह्यानं बघितल्या बघितल्या सांगितलं, सोरायसिस. कुणाला लागत न्हाय, कुणाच्या शापानं होत न्हाय. नवीन उपाय निघालाय म्हणाला. गोळी खायची आन् दोन तासांनी अंग उन्हाला दाखवायचं. पहिल्या आठवड्याला पाच मिनिटं, मग हळूहळू वाढवायचं. काळा चष्मा मात्र दिवसभर.

मी विचारलं, पौषाच्या पुनवेपर्यंत अंग स्वच्छ होईल का. तो म्हणाला, तेव्हा काय आहे? आता त्याला काय सांगायचं.

वहीला सांगते. पौषाच्या पुनवेला आमच्या गावात लक्ष्मीआईची यात्रा असते. सगळ्या गावाला खपली गव्हाची हुग्गी असते, गूळ-खोबरं घालून, दोन मोठ्या कढया. ती हुग्गी अठरा वर्षं मी ढवळते. सासूनं मरायच्या आधी लाकडी चाटू माझ्या हातात दिला. खरं तर मान थोरल्या सुनेचा, म्हणजे माझ्या जावेचा, मालूआक्काचा. पण तिला लहानपणी देवी आल्या होत्या, तोंडावर ज्वारी पेरायला केल्यासारखे खड्डे हाईत. देवाच्या कढईला अंगावर डाग नसलेली सवाशीण लागते, असा आमच्या गावचा रिवाज.  

गेल्या यात्रेला नागोजी गुरवाला त्याच्या पानात काहीतरी पांढरं सापडलं. तो खोबऱ्याचा पापुद्रा होता. नागोजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्याला बैल आन् म्हैस वेगळी कळत न्हाय, पण माझी खपली बरोबर दिसली. पंचांनी सांगितलं, पुनवेपर्यंत अंग स्वच्छ झालं तर राजाबाई, न्हायतर मालूबाई.

म्हणून मी ऊन खाणार.

बुधवार, ६ ऑक्टोबर

कडब्याच्या गंजीमागं जागा केली. कोंबड्यांशिवाय कुणी बघत न्हाय. घरात घड्याळ न्हाय. मालक म्हणाले, माझी एक बिडी पाच मिनिटं चालते, मी हिकडं तोंड करून बसतो, बिडी संपली की हाक मारतो. चांगली युक्ती काढली. आयुष्यात पहिल्यांदा ह्यांच्या बिडीचा घराला उपयोग झाला.

एक बिडी ऊन खाल्लं. काही कळलंच न्हाय.

रविवार, १० ऑक्टोबर

काळ्या चष्म्याचा गावात बोभाटा झाला. विहिरीवर बायका म्हणाल्या, राजाक्का सिनेमात जाणार काय. मी म्हटलं, जाते, तुम्ही तिकिटं काढा. चष्मा काढला असता, पण डाक्टर म्हणाला डोळे जातील. नागोजीसारखं व्हायचं न्हाय मला.

मालूआक्का भिंतीपलीकडं राहते. आम्ही वेगळे झालो तेव्हा मधे भिंत घातली, पण ती कमरेएवढीच उंच झाली, विटा संपल्या. ती भिंतीवरनं डोकावली आन् विचारलं, उन्हात एवढा वेळ कशाला बसतीस गं. मी म्हटलं, एकच बिडी. ती म्हणाली, भावजींची बिडी मधे दोनदा विझली, मी बघितलं. हिला दुसरं काम न्हाय. तिचे मालक, भावकू भावजी, बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यात ओतकामाला, शनिवारी रात्री येतात आन् सोमवारी पहाटे जातात. मग बाकीचे दिवस ही माझी राखण करते.

सोमवार, २५ ऑक्टोबर

दिवाळी झाली. कोपराच्या खपल्या पातळ पडल्या. डाक्टरच्या हिशेबानं आता दहा मिनिटं, म्हणजे दोन बिड्या. पण पुनव काय माझ्यासाठी थांबणार हाय? मी चार बिड्या केल्या. आम्ही तंबाखूतली माणसं. पान उन्हात घालायचं तर एका अंगानं वाळवून चालत न्हाय, उलटवावं लागतं. तशी मी दोन बिड्या पोटावर आन् दोन पाठीवर. मालकांना खोकला झालाय. म्हणाले, तुझं अंग बरं होईपर्यंत माझी छाती जाईल. मी म्हटलं, मग बिडी नुसती पेटवून धरा, ओढू नका. तशी ती जास्त वेळ चालते म्हणे.

मागच्या पानावर लिहिलं, दहा मिनिटं.

मंगळवार, ९ नोव्हेंबर

डाक्टरला दाखवून आले. त्यानं मागचं पान वाचलं आन् म्हणाला, तुमच्यासारखी शिस्तीची पेशंट न्हाय. मी मान खाली घातली. त्याला वाटलं मी लाजले.

अंग काळं पडलंय, देवळातल्या समईच्या खालच्या दगडासारखं, पण खपली न्हाय. पाठीवर हात फिरवला तर हात घसरतो. वाटेत मुद्दाम नागोजीच्या घरावरनं आले, बाह्या वर करून. त्यानं हाक मारली, कोण गं, शेवंता काय? एवढी बाही वर केलेली वाया गेली.

सोमवार, २२ नोव्हेंबर

तीन दिवस पोटाला आन् मांडीला नुसती खाज. आज बेंबीच्या बाजूला एक फोड आला. चिंचोक्याएवढा, टच्च, आत पाणी. वाटलं गरम तव्याला लागलं असेल. पण पोटाला तवा कोण लावतंय.

बुधवार, २४ नोव्हेंबर

अकरा फोड. मांडीच्या आतल्या अंगाला, काखेत, कमरेला. फुटत बी न्हाईत लवकर, जाड कातड्याचे. मला कळून चुकलं, ऊन जास्त झालं. आज उन्हात गेले न्हाय, गोळी बी खाल्ली न्हाय. एक कळत न्हाय. ऊन पाठीला आन् गुडघ्याला लागलं, काखेत ऊन कुठनं गेलं?

मालक म्हणाले, चल डाक्टरकडं. मी म्हटलं, जायचं न्हाय. त्यानं मला शिस्तीची म्हटलंय. आता काय सांगू, तुमच्या दहा मिनिटांच्या मी अर्धा कट्टा बिड्या केल्या? आन् तो गोळ्या बंद करणार. आपोआप जाईल. उन्हानं आलंय, सावलीत जाईल.

शनिवार, २७ नोव्हेंबर

सावलीत बसून तीन दिवस झाले. फोड तेवीस. काही लिंबाएवढे. चोळी घालवत न्हाय, जुन्या धोतराचा फडका गुंडाळून बसते.

मालूआक्कानं बघितलं. भिंतीवरनं पाय टाकून आली, ह्या वयात. कमरेभोवतीची रांग बघून म्हणाली, नागीण म्हणतील हिला. नागिणीचं सगळ्यांना ठाऊक हाय. ती कमरेला वेढा घालते आन् तिचं तोंड-शेपूट एकमेकांना लागलं की माणूस गेलं. नागोजीला बोलावलं, तो गेरूनं नागीण बांधतो. म्हातारा बोट भिजवून, मंत्र म्हणून, पाऊण तास बांधत होता. नागीण राहिली बाजूला, अर्धा गेरू माझ्या लुगड्यावर आन् उरलेला मालकांच्या गुडघ्यावर. मालकांचा गुडघा आता सुरक्षित हाय.

जाताना म्हणाला, पुनवेचं मालूबाई बघंल, तू जिवाला जप. मेला.

बुधवार, १ डिसेंबर

मालूआक्का रोज सकाळी सुतळी घेऊन येते. कमरेभोवती धरते, फोडाच्या एका टोकापासनं दुसऱ्या टोकापर्यंत मोकळी जागा किती उरली ते मापते आन् गाठ मारते. पहिल्या दिवशी वीतभर होती. काल सहा बोटं. आज पाच. मी मरायला किती उशीर हाय ते रोज बघून जाते. चाटूची एवढी घाई.

बरोबर कडुलिंबाचा पाला उकळून आणते, फोड धुते, लोण्याचा हात लावते. सकाळची भाकरी तिच्याकडनंच येते. आपल्याला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून करत असणार.

शुक्रवार, ३ डिसेंबर

आज चार बोटं. मालूआक्कानं सुतळी कमरेला खोवली आन् उठली. परत एकदा विचारलं, डाक्टरकडं जातीस का न्हाय. मी म्हटलं न्हाय. ती म्हणाली, बरं. नवं लुगडं नेसली आन् दहाच्या गाडीनं निपाणीला गेली, बांगड्या भरायला म्हणून. संध्याकाळी आली तर हातात त्याच जुन्या बांगड्या. मी विचारलं, तर म्हणाली, मापाच्या मिळाल्या न्हाईत. निपाणीत बांगड्या मिळत न्हाईत हे मी पहिल्यांदा ऐकलं.

सोमवार, ६ डिसेंबर

आज जे झालं ते लिहिताना हसू बी येतंय आन् फोड बी दुखतायत.

अकराच्या सुमाराला गावात जीप आली. सरकारी, पांढरी. ह्या सालात जीप दिसली की गावात पुरुष राहत न्हाय. नसबंदीच्या ऑपरेशनवाले आले, धरून नेतात, असं सगळीकडं झालंय. शिट्टी वाजली आन् पाच मिनिटांत, एका बिडीत म्हणा, गाव मोकळं. कुणी उसात, कुणी विहिरीत उतरलं. पंच्याहत्तर वर्षांचा नागोजी गुरव सोवळं सावरत तंबाखूच्या रानात पळाला. त्याला कुणी कशाला धरतंय.

आमच्या मालकांना पळायला उशीर झाला. गंजीमागं माझी उन्हाची जागा होती, तिथं माझं वाळत घातलेलं लुगडं अंगावर घेतलं, काळा चष्मा लावला आन् माझ्यासारखे बसले. डोक्यावरनं पदर.

पण जीप ऑपरेशनची न्हवती. ती देवीच्या रोगाची होती. शाळेच्या भिंतीवर वरती कानडीत आन् खाली मराठीत लिहिलंय न्हवं, देवीचा रोगी कळवा, हजार रुपये बक्षीस मिळवा. देवी आता देशात उरली न्हाय म्हणतात, एखादा तरी सापडतो काय म्हणून सरकार शोधत फिरतंय. तर कुणीतरी कळवलं होतं, ह्या गावात रवळूच्या बायकोला, म्हणजे मला, देवी आल्यात.

साहेब चार माणसं घेऊन थेट आमच्या परड्यात आला. समोर काळा चष्मा लावून, पदर घेऊन बसलेली बाई. साहेब लांबनंच म्हणाला, घाबरू नका बाई, हात दाखवा. मालकांनी हात आत ओढला. साहेबानं पदर बाजूला केला. खाली मिशी.

साहेब दोन पावलं मागं सरकला. एवढी वर्षं देवीच्या मागं फिरतोय, पण असलं लक्षण बघितलं नसेल.

मी आतनं ओरडले, रोगी हिकडं हाय, ते माझं लुगडं हाय. मग साहेब आत आला. चांगला माणूस, भिंगातनं एकेक फोड बघितला, तळहात बघितले, तोंड बघितलं. म्हणाला, ही देवी न्हाय. देवी तोंडावर आन् हातापायांवर दाट येते, सगळे फोड एका मापाचे. हे पोटावर, मांडीवर, लहानमोठे. हे दुसरंच काहीतरी आहे, आणि साधं नाही. मग त्यानं विचारलं, कळवलं कुणी?

मालूआक्का दारात उभी होती. म्हणाली, मी.

साहेब तिच्या तोंडाकडं बघत राहिला. त्या खड्ड्यांकडं. म्हणाला, “बाई, तुम्हाला स्वतःला देवी आल्या होत्या. तुम्हाला ओळखता आली नाही?”

ती पदर पुढं ओढून म्हणाली, “मी अडाणी, साहेब. जीप बेळगावला जाणारच असंल तर हिला घेऊन जावा. डाक्टर खडेबाजारात हाय, सोनाराच्या माडीवर.”

साहेब का हसला कुणास ठाऊक. त्यानं मला जीपमध्ये घातलं.

तर ही माझी जाऊ. हजार रुपड्यांसाठी मला सरकारात कळवलं. स्वतःच्या तोंडावर देवीचे व्रण, आरशात बघून तरी कळायला पाहिजे होतं देवी कशी असते. बक्षिसापायी माणूस आंधळं होतं ते असं. आन् बक्षीस बी बुडालं. माझ्याबरोबर जीपमध्ये बसली वर, बेळगावापर्यंत माझी पाठ टेकू नये म्हणून मधे हात घालून. फुकटची जीप सोडती व्हय.

मंगळवार, ७ डिसेंबर

दवाखान्यात खाटेवर लिहिते. डाक्टर हलगेकरानं माझ्याकडं बघितलं आन् खुर्चीतच बसला. मग मी सगळं सांगितलं. चार बिड्या, सहा बिड्या, विझलेल्या, परत पेटवलेल्या, नुसत्या धरलेल्या. तो वही मागे-पुढे करत होता. मी पुढली पानं धरून ठेवली.

ओरडेल वाटलं. ओरडला न्हाय. म्हणाला, “ऊन जास्त झालं हे खरं, पण नुसतं भाजलं असतं तर काखेत आलं नसतं. ऊन थांबवल्यावर नवे आले नसते. दहा मिनिटं पाळली असती तरी हे झालंच नसतं, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. गोळी आणि ऊन मी दिलं होतं.”

आजवर एवढे वैद्य बघितले, माझ्यामुळं असेल म्हणणारा हा पहिला. मी म्हटलं, मग तुमच्या अर्ध्या बिड्या आन् माझ्या अर्ध्या.

मग त्यानं समजावलं. अंगात राखणदार असतात, बाहेरचं कुणी घुसलं की त्याला मारायचं त्यांचं काम. गोळी आन् उन्हानं कातडं हललं, आन् राखणदारांना आपलंच कातडं परकं वाटायला लागलं. ते वरचा पदर आन् खालचा पदर धरून ठेवणारी शिवण उसवत सुटलेत. पदर सुटला की मधे पाणी भरतं, तो फोड. मी म्हटलं, आमच्या तंबाखूच्या वखारीवर असाच एक राखणदार होता, अंधारात मालकाला ओळखलं न्हाय आन् काठीनं झोडपला. मग काय केलं त्याचं, डाक्टरनं विचारलं. त्याला रोज संध्याकाळी ताडी पाजून झोपवायला लागले, मी म्हटलं. तो म्हणाला, तसंच करायचंय. राखणदारांना झोपवायची गोळी देतो.

सुपारीच्या खांडाएवढा कातड्याचा तुकडा काढून मुंबईला पाठवला. माझा तुकडा मुंबईला गेला, मी अजून कोल्हापूरच्या पलीकडं गेले न्हाय.

आन् नागिणीचं विचारलं. तो म्हणाला, ही नागीण न्हाय, टोकं जुळली तरी काही होत न्हाय. मालूआक्का खाली पायरीवर बसली होती, तिला सांगितलं. तिनं सुतळी काढली, सगळ्या गाठी एकेक करून सोडल्या आन् मग नाक शिंकरलं. दवाखान्याच्या पायरीवर. आमच्या घराण्याची अब्रू.

मंगळवार, १४ डिसेंबर

मुंबईहून उत्तर आलं, डाक्टर बोलला तेच. नाव लांबलचक हाय, मी लिहून घेतलं न्हाय. लागत न्हाय कुणाला, एवढं लक्षात ठेवलं.

रोज सकाळी बारा पांढऱ्या गोळ्या. एकदम बंद करायच्या न्हाईत, तो सांगेल तशा कमी करायच्या. ह्या वेळेला मी बिड्यांवर मोजणार न्हाय. चार दिवस झाले, नवा फोड न्हाय. जुने सुकतायत. घरी सोडलं.

मंगळवार, २१ डिसेंबर

भूक. असली भूक मला बाळंतपणात बी लागली न्हवती. काल पाच भाकऱ्या, वर कालवण, वर शेंगा, आन् मालकांच्या ताटातलं त्यांनी वर बघेपर्यंत. मालक आता ताट घेऊन गंजीमागं जेवायला बसतात. मालूआक्का भिंतीवरनं भाकऱ्या देते, मोजत न्हाय.

आरशात बघितलं तर तोंड भोपळ्यासारखं गोल. डोळे बारीक. हनुवटीखाली अजून एक हनुवटी. डाक्टरनं सांगितलं होतं, गोळीमुळं होईल. फोड सगळे खाली बसलेत, काळे डाग राहिलेत. जुनी खपली बी न्हाय.

विहिरीवर गेले तर एकीनं विचारलं, कुणाकडं आलाय पाव्हणं? आमच्याच गल्लीतली.

गुरुवार, ३० डिसेंबर

पंच बसले. मी म्हटलं, बघा अंग, फोड न्हाय, खपली न्हाय, डाक्टर म्हणतोय लागत न्हाय. नागोजी म्हणाला, फोड गेले, डाग हाईत. डाग असलेली सवाशीण कढईला चालत न्हाय. ह्या साली मालूबाई.

मी विचारलं, मालूआक्काच्या तोंडावर काय रांगोळी हाय? नागोजी म्हणाला, ते मला दिसत न्हाय. सगळे पंच खाली बघून हसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गोळ्यांनीच असणार, डाक्टर म्हणाला होता रडायला येईल.

अठरा वर्षं. कढई तळाला लागायच्या आधी कधी खरवडायची ते माझ्या मनगटाला ठाऊक हाय, डोक्याला बी न्हाय. मालूआक्का मनातनं फुगड्या घालत असेल.

बुधवार, ५ जानेवारी १९७७

डायरी संपली. मागं टेलिफोन नंबर लिहायची कोरी पानं हाईत, त्यावर लिहिते. मला कुणाचा नंबर लिहायचाय.

आज यात्रा. मी जाणार न्हवते. पहाटे आंघोळ करून, रुसून बसले होते. तर मालूआक्का आली, उजव्या मनगटाला फडका गुंडाळून. म्हणाली, “राजी, हात मुरगळला गं. चाटू उचलत न्हाय. गहू शिजायला घातलाय, आता गावाला काय उपाशी ठेवायचं?”

अठरा वर्षांनी चाटू मिळाला आन् नेमका आज हात मुरगळला. कमनशिबी बाई. मी म्हटलं, पंच ऐकणार न्हाईत. ती म्हणाली, “तू कुठं राजी हाईस? आरशात बघ. तू माझी हुक्केरीची चुलतबहीण. मराठी येत न्हाय. कुणी काही विचारलं तर ‘हौद्री’ म्हणायचं. दुसरं अक्षर बोललीस तर मेलीस.”

हौद्री म्हणजे व्हय जी. कानडी मला येतं तसं, पण आवाज ओळखतील म्हणून एवढंच. माझ्यासारखीनं दिवसभर एका शब्दावर राहायचं. फोड बरे.

तिचं इरकली लुगडं नेसले, हुक्केरीसारखं. कढईपाशी उभी राहिले. मालूआक्कानं नागोजीला सांगितलं, ही माझी बहीण, अंगानं स्वच्छ. नागोजी अगदी जवळ आला, नाक माझ्या गालाला लागेपर्यंत. कानडीत विचारलं, नाव काय बाई? मी म्हटलं, हौद्री. पोरं किती? हौद्री. हुक्केरीत पाऊस कसा झाला? हौद्री. म्हातारा मान डोलवून म्हणाला, लई शहाणी बाई हाय, आमच्या रवळूच्या बायकोसारखी तोंडाळ न्हाय. माझ्या हातात चाटू होता. देवीनंच मला आवरलं.

हुग्गी अशी झाली की काय सांगू. गहू फुलून मऊ, गूळ एकसारखा, तळाला एक दाणा लागला न्हाय. सगळ्या गावाला फसवलं. एकालाही संशय आला न्हाय. पंगतीत जो तो म्हणत होता, हुक्केरीच्या पाव्हण्या, अजून वाढा, गेल्या सालच्या राजाक्काच्या हुग्गीसारखीच झालीया. पोरं तर मुद्दाम येऊन विचारत होती, पाव्हण्या, काळा चष्मा आणला न्हाय काय? हौद्री, मी म्हणत होते, आन् सगळी पंगत हसत होती. हुक्केरीची बोली त्यांना मजेची वाटली असेल. मालकांना तर ठसका लागला, पाणी पाजावं लागलं.

शेवटी नागोजी जेवला. पान चाटून पुसून उठला, काठी टेकत कढईपाशी आला आन् मराठीत म्हणाला, “पाव्हण्या, पुढच्या साली बी या. गोळ्या वेळेवर खावा.”

म्हातारं चळलंय. हुक्केरीच्या बाईला कसल्या गोळ्या सांगतंय.

गुरुवार, ६ जानेवारी

आज कढया घासायच्या होत्या. मी लवकर उठून गेले तर मालूआक्का आधीच देवळामागं. मोठी कढई एकटीनं उजव्या हातानं कडेला धरून उलटी केली, खसाखसा घासली. मग दोन घागरी पाणी आणलं, एक डोक्यावर, एक कमरेवर, उजव्या बाजूला. मनगटाला फडका न्हाय. मी विचारलं, हात? ती म्हणाली, उतरला रात्रीत, लक्ष्मीआईची कृपा.

असले हिचे नाजूक हात. ऐन वेळेला मुरगळतात आन् काम संपलं की बरे होतात. माझ्या जिवाचं काय खरं न्हाय, डाक्टर म्हणाला गोळ्या वर्षभर चालतील, कमी-जास्त होईल. अशा हाताच्या भरवशावर गावाची हुग्गी सोडून चालायचं न्हाय. सवय लावली पाहिजे. मी तिला तिथंच सांगून टाकलं, पुढच्या साली चाटू तू धरायचा. मुरगळला तरी धरायचा. मी बाजूला पाट टाकून बसणार आन् चुकलं की ओरडणार. नागोजी काय म्हणंल ते मी बघते.

ती दुसरी कढई घासायची थांबली.  मग म्हणाली, हौद्री.